टेम्पोचा रेडिएटर

मार्च महिन्यात पार्बताबाईंची फियाट बोरगाव मंजूजवळ उकळली आणि त्या दोन तास एका बाभळीखाली बसून राहिल्या, एवढंच खरं तर घडलं होतं. पण ते अमरावतीला त्यांच्या मुलीच्या, दामिनीच्या, कानावर गेलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. एकाहत्तर वर्षांची बाई असला खटारा घेऊन एकटी हायवेवर हिंडते, हे काय वय आहे? दामिनी मनानं वाईट नव्हती, पण तिची काळजी अशी, की समोरच्याचं सगळं तीच ठरवून मोकळी व्हायची. अकोल्याचं घर भाड्यानं द्यायचं, गाडी विकायची आणि आईनं अमरावतीला येऊन राहायचं, असं तिनं ठरवलंसुद्धा.

पार्बताबाई जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. जुन्या शहरात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेणं, बाळापूरच्या एखाद्या बाळंतिणीला बघून येणं हे उद्योग चालूच होते, आणि ते सगळे त्या फियाटच्या जिवावर. गाडी गेली की आपण म्हणजे मुलीच्या घरात बेल वाजली की दार उघडणारी म्हातारी, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी फोनवरच पैज लावली. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नऊला निघायचं, आणि गाडी कुठंही न थांबता अमरावतीला पोचली तर राहण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. थांबली, तर किल्ली दामिनीच्या हातात. "पहाटे निघून जिंकायचं नाई मले," असंही वर ऐकवलं. नाकाला मिरच्या झोंबल्यावर माणूस असंच काहीतरी बोलून बसतो.

फोन ठेवला आणि त्या तडक नियाज मिस्त्रीच्या गॅरेजात गेल्या. या गाडीचा इतिहास दोघांनाच ठाऊक होता. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, महादेवरावांनी, मूळचं इंजिन काढायला लावलं होतं आणि नियाजनं त्या जागी भंगारातल्या एका गाडीचं दणकट डिझेल इंजिन बसवलं होतं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. महादेवराव गेले, इंजिन राहिलं. रेडिएटर मात्र पहिलाच होता, त्या जुन्या लहानशा इंजिनाच्या मापाचा.

"इंजिन बैलाचं अन् नाक बकरीचं, तापणार नाई तं काय," नियाज म्हणाला. त्यानं एका छोट्या टेम्पोचा रेडिएटर आणला. तो चांगला चार बोटं जास्त रुंद निघाला आणि उंचीलाही बॉनेटशी भांडायला लागला. मग गाडीच्या पुढच्या पत्र्यावर कटर चालला. बॅटरी उचलून मागं डिकीत गेली. रेडिएटर आणि इंजिनाच्या मध्ये पंख्याला जागा उरेना, म्हणून विजेवर चालणारा पंखा पुढच्या बाजूला लावला, आणि त्यापायी समोरची चकचकीत जाळी कायमची निघाली. पार्बताबाई स्टुलावर बसून हे सगळं बघत होत्या. चार हजार बाळंतपणं पाहिलेली बाई, पण पत्रा कापताना त्यांनी तोंड फिरवलं.

जुना रेडिएटर बाहेर काढला तेव्हा त्याच्या नळ्या आतून पांढऱ्या पडल्या होत्या, चुना भरल्यासारख्या. नियाजनं तो कोपऱ्यात फेकला. हा गेला, आता कटकट मिटली, असं तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून पटलेलं होतं. नव्या रेडिएटरमध्ये त्यानं पाण्याऐवजी इंजिन थंड ठेवणारं हिरवं कुलंट भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं बाळापूरला जाऊन आले. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही. पार्बताबाईंनी किल्ल्याजवळ गाडी उभी करून नियाजला चहा पाजला आणि परत येईपर्यंत त्या बोलतच होत्या.

रविवारी दोघं निघाले. वाटेत काही झालंच तर असावा म्हणून नियाज शेजारी बसला होता. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा काटा मधोमध होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. मूर्तिजापूरनंतर काटा एक रेघ चढला. पार्बताबाईंनी गाडी हळू केली, तो उतरला नाही. त्यांनी काचा खाली करून हीटर सुरू केला, म्हणजे इंजिनातली उष्णता गाडीत आली असती. पण हीटरमधून कोमट झुळुकसुद्धा येईना. नियाजनं हीटरच्या जाळीवर हात धरून बघितला. बडनेरा जेमतेम सात-आठ किलोमीटर उरलं असताना बॉनेटखालून वाफ आली आणि पार्बताबाईंनी स्वतःच्या हातानं गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर द्यायला त्या तेव्हाही विसरल्या नाहीत.

अर्ध्या तासानं नियाजनं फडकं धरून झाकण उघडलं. आतल्या पाण्यावर पांढऱ्या खपल्या तरंगत होत्या. त्यानं बोट घालून एक बाहेर काढली, चोळली, आणि जिभेला लावली.

"सिस्टर, इतके वर्षं गाडीत कोणतं पानी टाकत होत्या तुमी?"

"घरच्या बोअरचं. दुसरं कोणतं टाकणार?"

नियाज खाली बसला. मग त्यानं सावकाश सांगितलं. खारं पाणी नुसत्या रेडिएटरमध्ये बसलं नव्हतं. इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटाच त्यानं बुजवल्या होत्या. रेडिएटर केवढाही लावा, पाणी तिथवर फिरणारच नाही. आता नवं कुलंट आत गेलं, तशा खपल्या सुटल्या आणि त्यांनी नवा रेडिएटरही भरून टाकला. जुन्यातला चुना पाहिला तेव्हाच आपल्याला उमगायला हवं होतं, असंही तो म्हणाला. एवढ्या वर्षांचा थर आता निघायचा नाही, इंजिन गेलं. थंड करून पाणी ओतत नेली तर अमरावतीपर्यंत कशीबशी जाईल, परत यायची नाही.

पार्बताबाईंचं माहेर बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. त्यांच्या लहानपणी गोडं पाणी बैलगाडीवर टाकीतून यायचं आणि आई ते वाटीनं मोजून द्यायची. अकोल्यातही नळ पाच-सहा दिवसांनी. ते पाणी प्यायला, डाळ शिजायला, शेजारच्या लेकराच्या दुधाला. लोखंडाला गोडं पाणी पाजायचं, हे त्यांच्या मनातही आलं नसतं. दर रविवारी त्या बोअरची बादली घेऊन स्वतः रेडिएटर भरायच्या, एक दिवस चुकवला नव्हता. गाडीची एवढी निगा कुणी राखत नसेल, असं त्यांना वाटायचं. आता त्या बाभळीविना उन्हात उभ्या राहून रडल्या, आणि नियाजकडे पाठ करायचंही त्यांना सुचलं नाही.

टपरीवरून पाण्याच्या बाटल्या आणून नियाजनं रेडिएटर भरला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी काई सांगणार नाई. थांबलो हे कोणी पाह्यलं?"

पार्बताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या स्टिअरिंगवर जाऊन बसल्या.

दोन वेळा पाणी ओतत गाडी साडेबाराला दामिनीच्या दारात पोचली. दामिनी फाटकातच उभी होती. तिनं आईला घाम पुसायला टॉवेल दिला आणि विचारलं, "कुठं थांबली?"

"कुठंच नाई," नियाज म्हणाला. "रस्त्यानं गर्दी होती थोडी."

दामिनीचं तोंड उतरलं, पण पोर शब्दाची पक्की. बघून ठेवलेल्या भाडेकरूला तिनं तिथंच फोन लावला आणि घर द्यायचं नाही म्हणून सांगितलं. मग आईचा हात धरून म्हणाली, "हरले मी. राहा तू अकोल्याले. पुन्हा नाई बोलणार."

हेच तर पाहिजे होतं. पार्बताबाईंना वाटलं, गप्प बसावं, जेवावं, संध्याकाळी बसनं घरी जावं आणि गाडी दुरुस्तीला टाकली म्हणून महिना-दोन महिने काढावेत. पण मुलगी एवढ्या सरळपणे हरली होती, की तिच्यापुढे खोटं जिंकणं त्यांच्यानं होईना.

"नियाज माह्यासाठी खोटं बोलून राहिला," त्या म्हणाल्या. "बडनेऱ्याच्या अलीकडे उकळली. अन् इंजिन मीच मारलं, बोअरचं पाणी टाकू टाकू." त्यांनी किल्ली दामिनीच्या हातात ठेवली.

दामिनीनं किल्ली मुठीत घेतली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिचेच डोळे भरले. आई राहायला येणार म्हणून तिनं मागची खोली रंगवून घेतली होती, ती दाखवायचंही तिला सुचेना. तिनं पानं वाढली. नियाज दोन घास खाऊन उठला आणि अकोल्याची गाडी पकडायची म्हणून चपला शोधायला लागला.

"थांब, स्टँडवर सोडते तुले," म्हणत पार्बताबाई सवयीनं उठल्या आणि गाडीच्या किल्लीसाठी दाराजवळच्या खुंटीकडे गेल्या. खुंटीवर काही नव्हतं.

"आई, बस तू. मी सोडते," दामिनी म्हणाली आणि तिनं स्कूटी काढली. पार्बताबाई दारात उभ्या राहिल्या. इथून पुढं कुठंही जायचं तर आधी कुणाला तरी विचारावं लागेल, हे त्यांना तेव्हा कळलं. नियाजनं मागच्या सीटवरून हात केला. त्यांनीही केला, आणि स्कूटी वळल्यावर आत जाऊन दार लावून घेतलं.