अकरा बंदुकांचं दुकान

तपासनीस बाईंनी बूट दारातच काढले आणि मोज्यांवरच त्या तळघराचा जिना उतरल्या. मार्लिस हौगेन दिवे लावत पुढे गेली. कपडे धुण्याच्या मशीनशेजारी नवं लोखंडी कपाट भिंतीला जखडलेलं होतं. बाईंनी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. कपाट हललं नाही.

"किल्ली?"

"एकच आहे." मार्लिसने स्वेटरच्या गळ्यातून दोरी बाहेर काढली. "झोपतानाही काढत नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांचं नाव पॅट्रिस होल्म. घरातून बंदुका विकायचा परवाना मागणाऱ्यांच्या घरी जाऊन त्या चौकशी करत, आणि अमेरिकेतल्या मोंटानाच्या या उत्तर टोकाला यायचं म्हणून आज त्या अडीचशे मैल गाडी चालवत आल्या होत्या.

वर स्वयंपाकघरात मार्लिसचा नवरा रॉइस बसला होता. पुढ्यातली कॉफी गार झाली होती. ती त्याने प्यायली नव्हती आणि बाजूलाही सारली नव्हती. गेल्या सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ धान्याच्या कोठीत उतरला आणि गव्हाखाली गाडला गेला. कोठीतून गहू खाली ओढणारं यंत्र बंद करायला बाहेर रॉइस होता आणि त्याला उशीर झाला. तेव्हापासून तो असाच होता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. मार्लिसला सुरुवातीला रडू यायचं, पुढे तेही येईनासं झालं. फेब्रुवारीत एका दुपारी तो तिला शेडमध्ये, बंद पिकअपमध्ये, मांडीवर रायफल घेऊन बसलेला सापडला. "साफ करतोय," म्हणाला. जवळ फडकं नव्हतं.

त्याच दिवशी तिने घरातल्या सगळ्या बंदुका शेजारच्या आर्लोकडे नेऊन ठेवल्या. आठवड्याने रॉइसने जाऊन मागितल्या आणि आर्लोने मुकाट्याने गाडीत भरून दिल्या, वर हरणाचे सॉसेजही दिले. आर्लोचं तरी काय चुकलं? या मुलखात माणसाला त्याचीच बंदूक नाकारायची म्हणजे त्याला भरचौकात वेडा ठरवायचं. भला माणूस असं करत नाही, आणि इथली माणसं नको तितकी भली आहेत.

मग तिने कपाट आणलं, बंदुका आत घातल्या आणि परवान्याचा अर्ज भरला. रॉइसने दोनदा किल्ली मागितली होती. दोन्हीदा तिने दुसराच विषय काढला. तिसऱ्यांदा काय म्हणायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"माल काय ठेवणार?" टेबलाशी बसत होल्मबाईंनी विचारलं.

"सुरुवातीला अकरा बंदुका. रॉइसच्याच. तो मला विकतोय."

"आणि पुढे?"

"हंगामात शिकारी येतात. साध्या रायफलीसाठी इथल्या लोकांना नव्वद मैल जावं लागतं." पाठ केल्यासारखं वाटलं, कारण पाठच केलं होतं.

होल्मबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, परवाना धंद्यासाठी असतो. घरातल्या बंदुका याच्या नावावरून तिच्या नावावर करायला नसतो. तुम्ही खरंच विकणार आहात का?"

मार्लिसने पाठ केलेलं सगळं संपलं होतं.

"विकेन," ती म्हणाली. "जो येईल, नियमात बसेल, त्याला विकेन. एक माणूस सोडून."

रॉइसकडे कोणीच पाहिलं नाही. शेवटी बाईच त्याच्याकडे वळल्या.

"मिस्टर हौगेन, परवाना आला आणि बंदुका यांच्या दुकानाच्या वहीत चढल्या, की त्या तुमच्या नाहीत. परत हवी असेल तर इतर गिऱ्हाइकांसारखा तुम्हीही फॉर्म भरायचा, तुमचीही तपासणी होणार. आणि सगळं ठीक निघालं, तरी दुकानदार नाही म्हणू शकतो."

"बायको असली तरी?" सकाळपासून तो आत्ता पहिल्यांदा बोलत होता.

"कोणीही असली तरी."

"कारण सांगावं लागतं?"

"नाही."

रॉइस उठला आणि जाकीट न घालताच मागच्या दाराने बाहेर पडला. खिडकीतून तो शेडमध्ये शिरताना दिसला. मार्लिस मागे धावायला अर्धवट उठली. हात आपोआप गळ्याशी गेला. किल्ली होती. सगळ्या खालीच आहेत, तिने स्वतःला बजावलं, अकराच्या अकरा.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात घोड्याच्या जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते टेबलावर ठेवून उलगडलं. रायफल होती. बोल्ट मागे ओढून त्याने आतलं काडतूस काढलं आणि गार कॉफीच्या कपाशेजारी उभं केलं.

"लाइलची," तो म्हणाला. भावाचं नाव त्याने सप्टेंबरनंतर घेतलं नव्हतं. "पिकअपच्या सीटमागे होती. हीपण लिही."

होल्मबाईंनी अर्जावरचे अकरा खोडले आणि बारा लिहिले. मार्लिसने काडतूस उचलून एप्रनच्या खिशात टाकलं.

"मी परत मागेन हां, मार्लिस," रॉइस म्हणाला.

"माग की," ती म्हणाली.