गोव्याच्या गिऱ्हाइकाचा पाळणा

फाल्गुन त्या परसात पांगाऱ्यावरून उतरला. अंगावर पान एक नाही आणि फुलं मात्र शेंड्यापर्यंत. असा तो पर्णहीन, कंटकधारी, रक्तपुष्प पांगारा कुंपणाशी उभा राहिला आणि सकाळच्या कोवळ्या उन्हाला आपला रंग फासू लागला. ते रंगलेलं ऊन कौलांमधल्या काचेतून आत आलं. आत आत्माराम चिताऱ्याची कामाची खोली होती.

त्या खोलीत रंगांची वस्ती होती. लाखेच्या कांड्या होत्या, हळदपिवळ्या, पोपटी, जांभळ्या. झिलईसाठी सुकवलेली केवड्याची पानं होती. पांगाऱ्याच्या हलक्या, पांढऱ्या लाकडाचे ठोकळे होते. चाळीस वर्षं सावंतवाडीच्या बाजारात आत्माबाबांचे पाट गेले, पोळपाट गेले, भोवरे गेले, आणि पाळणे तर किती गेले याला गणतीच नाही. पाळण्यावर फिरणारी आठ पाखरं बघावीत ती आत्माबाबांचीच, असं लोक म्हणत. बाबांना ते खरं वाटे, आणि खोटं का बोला, फार आवडेही.

यंदा फाल्गुनात खोलीत एक पाळणा होत होता. शिसवी पायांचा, कमलदलांच्या कडेचा, लाखेच्या लाल लकाकीचा. तो पाळणा कुणाचा, असं कोणी विचारलं तर घरातलं उत्तर ठरलेलं होतं. तो गोव्याच्या गिऱ्हाइकाचा होता.

गोव्यात असं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. हे बाबांना ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना ठाऊक होतं, आणि ज्या सुनेसाठी ही सगळी थाप रचली होती त्या शेवंतीलाही चांगलं ठाऊक होतं. तिचा नवरा परगावी नोकरीला, आणि तिला आठवा महिना लागला होता. पण त्या घरात त्या महिन्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

कारण दोन वर्षांपूर्वी सगळी नावं घेऊन झाली होती. तेव्हा पाळणा सातव्या महिन्यातच टांगला होता, आठ पाखरं फिरत होती, टोपडी-झबली शिवून घडी पडली होती. आणि शेवंती माहेरी बाळंतपणाला गेली ती रिकाम्या हातांनी परत आली. मुलगा झाला होता. रडला नाही.

तो पाळणा बाबांनी स्वतःच्या हातांनी उकलला आणि न्हाणीच्या चुलीत घातला. लाख जळताना वास येतो, गोडसर, उग्र. तो वास शेवंतीने पाणी काढताना घेतला होता, आणि तेव्हापासून ती कामाच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. सासऱ्यांचा चहा ती उंबऱ्याबाहेर ठेवी आणि वळे.

म्हणून यंदाची तयारी चोरपावलांची. द्वारकाबाईंनी आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी फाडली, बाळोती केली आणि भाताच्या कणगीमागे दडवली. डिंक आणला तो मिठाच्या बरणीमागे गेला. आणि पाळणा गेला गोव्याच्या गिऱ्हाइकाच्या नावावर. घर येणाऱ्याची वाट पाहत होतं, पण पाठ करून.

बाबांची मात्र एकच इच्छा होती. तिने एकदा आत यावं. पाळण्याकडे एकदा बघावं. ज्याची वाट बघायला आईच धजत नाही, ते लेकरू परक्यासारखं येईल, असं त्यांना वाटे. पण हे सुनेला कसं सांगायचं? सांगायला जावं तर जुनी जखम उघडी पडणार. म्हणून ते लाकूड तासत राहिले.

तासता तासता त्यांना एक प्रश्न पडला. उगाच पडला, झाडावरून फूल पडावं तसा. जे येईल ते उताणं निजेल. मग त्याला खालून काय दिसेल?

साठी ओलांडलेल्या माणसाने असे प्रश्न मनात ठेवावेत आणि विसरावेत. बाबा विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आंब्याखाली जाऊन सरळ उताणे निजले. मोहोर खालून पाहिला: पिवळा नव्हे, हिरवट, आणि त्याच्या पलीकडे निळाईचे तुकडे, इवले, असंख्य, हलते. मग ते वाळत घातलेल्या लुगड्यांखाली निजले. ऊन कापडातून गाळून येत होतं, आणि त्या गाळीव उजेडाला साबणाचा वास होता. मग ओटीवरच्या पंख्याखाली निजले. पंखा खालून बघवेना, इतकी त्यावर धूळ.

"ह्या माणसाक झाला तरी काय?" द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "काल आंब्याखाली, आज लुगड्यांखाली. उद्या म्हशीखाली निजशात!"

बाबा उठून धोतर झटकत नुसते हसले. त्यांच्या डोळ्यांत मात्र एक नवं, अधीर, बालिश कुतूहल चमकत होतं. जग खालून वेगळं असतं, ही बातमी त्यांना साठीनंतर कळली होती आणि ती ऐकून घेणारं घरात कोणी नव्हतं.

दुपारची वेळ होती. पांगाऱ्यावरचे कावळेसुद्धा सावलीला गेले होते. बाबांनी कामाच्या खोलीत तुळईला पाखरांचं चक्र टांगलं. चक्राला आठ भोकं. पण त्यांतून दोऱ्याने लोंबत होती ती सातच पाखरं. आठवं काही केल्या हातून घडेना. पटाशी घेतली की हात थांबे. आणि जी सात घडली होती त्यांनाही डोळे नव्हते. चिताऱ्याच्या हातात डोळा सगळ्यात शेवटी. डोळा उघडला की पाखरू पुरं झालं. मागच्या खेपेला आपण आठही जणांचे डोळे दोन महिने आधीच उघडले, घाई केली, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं. त्यांना कोणी बोललं नव्हतं. पण मनाने घेतलं ते घेतलंच.

चक्राखाली त्यांनी गोणपाट अंथरलं आणि ते उताणे निजले.

सप्तरंगी, सुबक, चाळीस वर्षं नावाजलेली ती पाखरं खालून त्यांना पहिल्यांदाच दिसली. पाखरांना पोटं नव्हती. पाठीवर मोरपंखी, पंखांवर पिवळं, चोचीला शेंदरी. आणि खाली नुसतं कोरं, पांढरं, उघडं लाकूड. मधोमध खिळ्याचं भोक.

असं का, हे त्यांना क्षणात उमगलं. खिळ्यावर धरून रंगवायचं, मग पोटावर टेकवून सुकवायचं, ही त्यांच्या बापाची रीत. टेकतं त्या जागी रंग कशाला लावायचा? गिऱ्हाईक उभं राहून बघतं. आई उभी राहून बघते. चाळीस वर्षं त्यांनी उभ्यांसाठी रंगवलं होतं. ज्याच्यासाठी पाखरू टांगायचं ते खाली निजून चाळीस वर्षं खिळ्यांची भोकं बघत आलं होतं.

बाबा लाजले. एकट्याने, त्या रिकाम्या खोलीत, कानापर्यंत लाजले. आणि तसेच पडून राहिले.

शेवंती चहा घेऊन उंबऱ्यापाशी आली तेव्हा तिला आधी दिसले ते पाय. मग जमिनीवर पडलेला सासरा, मिटलेले ओठ, वर लागलेली नजर. कप खाली आपटला. दोन वर्षं न ओलांडलेला उंबरा तिने त्या जड अंगानिशी एका ढांगेत ओलांडला.

"बाबानूं! काय झाला? पडल्यात?"

"पडूक नाय गो," बाबा न उठताच म्हणाले. "बघतंय."

"काय बघतास?"

थाप चालू ठेवायची की नाही, हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी ती अर्धीच ठेवली. "गोव्याचा गिऱ्हाईक उताणा निजतला मा? तेका खालसून काय दिसतला, ता बघतंय."

शेवंती उभी राहिली. श्वास लागला होता. मागे दार होतं, समोर दोऱ्यांवर सात पाखरं हळूहळू फिरत होती. तिला परत वळता आलं असतं. पण काय दिसत असेल खालून? त्या प्रश्नाने तिचा पदर धरला. तिने लाकडाच्या भुशाची पोती ओढली, एक हात कमरेला, एक हात भुईला, आणि पोत्यांवर पाठ टेकून ती हलकेच कलंडली.

उजेड होता. काचेतून पडलेला, फुलांनी रंगलेला, भुशाच्या कणांनी भरलेला उजेड. त्यात सात कोरी, गोल, फिरती पोटं. शेवंतीने पाहिलं, आणि तिला हसू फुटलं.

"ह्येंची पोटां तुमी रंगवूकच नाय!"

"चाळीस वर्सां कोणी सांगूक नाय माका," बाबा म्हणाले. "सांगतला कोण? ज्येका दिसता, तेका बोलूक येना नाय."

ती पुन्हा हसली. हसताना पोट हललं, आणि आतून कोणीतरी टुणकन लाथ मारली. तिने हात तिथे ठेवला. उघडपणे, दुसऱ्यासमोर, या खेपेला पहिल्यांदा. बाबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग ती मोजू लागली. चक्र फिरत होतं, तिची नजर फिरत होती. भोकं आठ. पाखरं सात. तिने दुसऱ्यांदा मोजलं.

"आठवा खंय?"

बाबा उठले, फळीवरचा लाखेचा डबा काढला, त्याच्या तळाशी हात घातला. जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेलं एक पाखरू त्यांनी सुनेच्या ओंजळीत ठेवलं. मोरपंखी, थोडं फिकटलेलं, दोन्ही डोळे उघडे. पाळणा चुलीत घातला त्या दिवशी सात पाखरं आगीत गेली, आणि हे हातातून सुटून लाकडांमागे गेलं होतं. ते पुन्हा आगीत टाकायला बाबांचा हात झाला नव्हता.

शेवंतीने ते उलटं केलं. कोरं पोट. खिळ्याचं भोक. तिने त्या भोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुसलं नाही. बाबांनीही थांब म्हटलं नाही. रडणं दोन वर्षं उशिरा आलं होतं, ते पुरं होऊ दिलं.

मग ती म्हणाली, "कुंचलो द्या."

"रंग खंयचो?"

तिने दाराबाहेर पाहिलं. कुंपणाशी पांगारा पेटल्यासारखा उभा होता. तिने बोटाने दाखवला.

त्या दुपारी दोघांनी मिळून आठ पोटं रंगवली. रक्तपुष्पी रंग, त्यावर बाबांच्या हाताच्या नाजूक पिवळ्या वेलबुट्ट्या, त्यावर शेवंतीचे जाडेभरडे ठिपके. सुकायला ठेवताना पंचाईत झाली. पोटावर टेकवायची सोय आता उरली नव्हती. मग द्वारकाबाईंच्या कपड्यांच्या दोरीवर लुगड्यांशेजारी आठ पाखरं लोंबू लागली. द्वारकाबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. थोड्या वेळाने कणगीमागची बाळोती त्यांनी उन्हात आणून पसरली.

संध्याकाळी शेवंतीने विचारलं, "बाबानूं, गिऱ्हाईक कधी येतला?"

"चैतात, म्हणतत."

सात पाखरांचे डोळे तिने उघडू दिले नाहीत. आठव्याचा दोरा मात्र तिने स्वतः बांधला. पाखरू सपाट लोंबावं म्हणून दोरा पाठीच्या मध्यावर बांधतात. तिने तो शेपटीकडे सरकवला. पाखराची मान खाली झुकली. बाबा चूक दाखवायला पुढे झाले.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "ह्या थोरला मा. आधी ह्येनाच बघूंदे."

चैत्र आला. पांगाऱ्याची फुलं गळाली, कोवळी पोपटी पानं आली. आणि गोव्याचं गिऱ्हाईक आलं ते रडत, तांबडंलाल होऊन, सगळी आळी उठवत. मुलगी होती. बाराव्या दिवशी तिला लुगड्याच्या मऊ बाळोत्यात गुंडाळून त्या लकाकत्या पाळण्यात निजवलं. बाबांनी कुंचला घेतला आणि उरलेल्या सातही पाखरांचे डोळे एकेक करून उघडले.

पाळण्यातल्या मुलीने मात्र त्या सातांकडे पाहिलं नाही. वाऱ्याची झुळूक आली, चक्र हललं. सात पाखरं सरळ उडत राहिली, सरळ, समोर बघत. आणि एक, मान झुकवलेलं, पांगाऱ्याच्या रंगाच्या पोटाचं, फिरत फिरत तिच्यावर येई, क्षणभर थांबे, आणि तिच्याकडे बघे; पुढे जाई, फिरून येई, आणि पुन्हा बघे.