ट्रक उभा राहील तिथली माती

आमचे हे जमिनीची परीक्षा घेतात. इमारत बांधण्याआधी तिथे बोअर मारायचा, त्यात पोलादी नळी उभी करायची, तिच्यावर जड हातोडा पुन्हा पुन्हा सोडायचा आणि नळी ठरावीक खोल जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त, तर जमीन टणक. या कामाचा त्यांना भारी अभिमान. पाहुणे म्हणून गेलो तरी खुर्ची आधी हलवून बघतात, मग बसतात.

म्हणून व्याह्यांनी नवं घर बांधायला काढलं तेव्हा मी निर्धास्त होते. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, ती त्याच घरात राहायला जाणार, आणि जमीन तपासणार तिचा बाप. आणखी काय हवं?

परीक्षेच्या दिवशी सगळेच जागेवर जमलो. यंत्राचा ट्रक फाटकापाशी उभा होता. व्याह्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, विहीणबाईंनी थर्मासमधून चहा आणला होता. हातोडा पडू लागला, नळी काही लवकर हलेना. दर ठोक्याला व्याह्यांची छाती फुगत होती. जमीन आपण पारखून घेतली, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. यांनीही मान डोलावली आणि अहवाल उत्तम येणार म्हणून सांगून टाकलं.

मी कप विसळायला मागच्या नळावर गेले. पाय चिखलातून वर आला, चप्पल आली नाही. एका चपलेवर लंगडत परतले आणि यांना बाजूला घेऊन विचारलं, घर मागे बांधणार तर बोअर फाटकाशी का? मागे ट्रक रुततो, हे म्हणाले. आणि आम्ही सगळीकडे असंच करतो, ट्रक उभा राहील तिथे बोअर.

"ट्रक उभा राहत नाही तिथे घर उभं राहणार?"

"हळू बोल. आपण मुलीकडचे आहोत."

मला इतका संताप आला की उरलेली चप्पलही हातात घ्यावीशी वाटली. पण मी व्याह्यांकडे गेले आणि तोंडात साखर घोळवत म्हटलं, तुमची जमीन एवढी छान, मागची बाजूही सगळ्यांना दिसू दे की. छाती फुगवून बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

कामगारांनी लोखंडी तिवई खांद्यावरून मागे नेली, हातानेच बोअर मारला, नळी उभी केली आणि तिच्यावर हातोडा नुसता टेकवला. पहिला ठोका अजून मारायचाच होता. नळी आपसूक खाली गेली, आणि जातच राहिली.

नकाशाप्रमाणे तिथे व्याही-विहिणीची खोली येणार होती. शांत म्हणून विहीणबाईंनी हट्टाने निवडलेली. त्यांनी माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी म्हणते, मागची खोली सूनबाईलाच देऊ. नव्या जोडप्याला जरा मोकळीक हवी."

व्याह्यांनी लगेच होकार दिला. माझी भोळी लेक चक्क थँक्यू म्हणाली. मी यांच्याकडे पाहिलं. हे बोअरकडे बघत होते. मग कुणाकडेही न बघता, ठेकेदारांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "खोल्या हव्या तशा बदला. पाया एकच आहे. मागची बाजू खचली की पुढच्या भिंती फाटतात, आणि छप्पर कोण कुठे झोपलंय ते बघून पडत नाही."

व्याह्यांचा चहा तसाच राहिला. संध्याकाळच्या आत पाया खाली कठीण थरापर्यंत न्यायचं ठरलं. खर्च चांगलाच वाढला, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

सुनेसाठी एवढं कोण करतं, असं विहीणबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.