वाकड्या खळग्याचा तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. पण सपाट तव्यांत मला मोजू नका हं! माझ्या अंगावर खळगे आहेत, चार ओळींत चार-चार. तुमच्याकडे आप्पे करतात म्हणे. त्या आप्पेपात्राचा मला लांबचा भाऊ समजा. माझ्या खळग्यांत मात्र पिठाबरोबर ऑक्टोपसचा तुकडा पडतो, आणि त्या गोळ्यांना ताकोयाकी म्हणतात. आणखी एक आधीच सांगून टाकतो, नाहीतर फसाल. माझा रंग चंदेरी आहे, पण मी चांदीचा नाही. हा रंग मला कसा लागला आणि त्यापायी एका घरात काय झालं, ते ऐका.

माझा जन्म ओसाकातल्या एका ओतशाळेत झाला. साच्यातली वाळू एके जागी ढासळली होती, त्यामुळे कोपऱ्यालगतचा एक खळगा वाकडा झाला, चोच काढल्यासारखा. दुकानदारानं मला मागच्या फळीवर टाकून दिलं होतं. कियो नावाची एक बाई आली, तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "वाकडा तर वाकडा. माझी दोन्ही पोरं तरी कुठं सरळ आहेत!"

ओसाकातच तेंगाचायाच्या बाजारात कियोची लहानशी टपरी होती. सकाळी ती माझ्यावर तेलाचं बोट फिरवायची आणि संध्याकाळपर्यंत मी तापलेला असायचो. घाण्यामागून घाणे निघत. माझ्या गोळ्यांना पापुद्रा कसा खरपूस यायचा, म्हणून लोक लांबून येत. आता स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कशाला करू, पण खरं ते खरं.

कियोची मुलगी मित्सुए थोरली आणि तामोत्सु धाकटा. तो तिला नेचान म्हणायचा, म्हणजे ताई. दोघं एकमेकांना एक क्षण सोडत नसत आणि एक दिवस भांडल्याशिवाय राहत नसत. कुणीतरी रुसायचं, गाल फुगवून, पाठ फिरवून बसायचं. कियोनं यावर एक रीत काढली होती. माझ्या वाकड्या खळग्यातून निघणाऱ्या चोचवाल्या गोळ्याला ती 'फुगऱ्या' म्हणायची. फुगऱ्या कधी विकायचा नाही. तो रुसलेल्याच्या शेजारी गुपचूप ठेवायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं. समजूत काढायची नाही, लाडीगोडी लावायची नाही, नुसतं ठेवून यायचं. ज्यानं तो खाल्ला त्याला पुढं रुसायची मुभा नाही. कितीही मोठा रुसवा असो, फुगऱ्या गार होण्याआधी तो संपायचा.

मित्रांनो, पोरं मोठी झाली. मित्सुए टोकियोला गेली आणि एका स्टुडिओत लागली. तिथं टीव्हीवरच्या 'चंदेरी पहारा' नावाच्या अवकाशमालिकेसाठी ती लहान लहान जहाजं, ग्रह, शहरं बनवायची. तामोत्सु ओसाकातच राहिला आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. कियोचे गुडघे गेले, टपरी बंद झाली आणि मी फडताळात जाऊन बसलो.

एकदा मित्सुए सणाला घरी आली होती. तिनं फडताळ उघडलं आणि मला पाहून तिचे डोळेच चमकले. "अगं बाई, हे तर शत्रूच्या जहाजाचं पोट!" असं म्हणाली आणि मला गुंडाळून पिशवीत घातलं. कुणाला विचारलं नाही. आता कोण वापरतंय, असा हिशेब. टोकियोत तिची मैत्रीण सावाको रंगकाम करायची. तिनं माझ्यावर चंदेरी रंगाचे दोन हात मारले आणि मला एका लाकडी जहाजाखाली आवळून बसवलं. मी धुरातून तरंगत पडद्यावर आलो तेव्हा देशभरची पोरं श्वास रोखून बघत होती म्हणे. मलाही जरा चढलीच होती.

पण पुढच्याच वसंतात कियो आजारी पडली. दवाखान्यात ती तामोत्सुला म्हणाली, "घरचा एक ताकोयाकी खावासा वाटतोय रे." तामोत्सुनं घर पालथं घातलं. मी कुठं सापडणार! शेवटी त्यानं टोकियोला फोन लावला आणि त्याला कळलं की आईचा तवा जहाजाच्या पोटाला आहे. मित्सुएनं धावतपळत मला सोडवलं, रंग खरवडायला घेतला, तोवर कियो गेली.

अंत्यविधीला मित्सुए मला घेऊनच गेली होती. तामोत्सुनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आईच्या तोंडचा घास तू अवकाशात पाठवलास," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिनं फोन केला की तो ठेवून द्यायचा. पत्रं न उघडता परत येत. मित्सुएला एवढंच हवं होतं की भावानं एकदा नेचान म्हणून हाक मारावी, मग भले चार शिव्या घालाव्यात. तिनं मला आपल्या खोलीत टीव्हीच्या वर भिंतीला टांगलं, आणि रोज रात्री ती माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची. मला लाज वाटायची. माझा काय दोष म्हणा, पण वाटायची.

मग एके दिवशी सावाको धापा टाकत आली. बाईंना व्हिडिओ गेमचं भारी वेड. तामोत्सुच्या कंपनीचा 'तोन्गोरो' नावाचा गेम नुकताच गाजायला लागला होता. तोन्गोरो म्हणजे एक गोलमटोल चिचुंद्री, भुयारं खणत पळणारी.

"मित्सुए, त्या गेममध्ये तुझा तवा आहे!"

"काहीतरीच काय!"

"अगं, शत्रूच्या जहाजाला सोळा खळगे, त्यातला कोपऱ्याजवळचा वाकडा. त्यात पडलं की तोन्गोरो सरळ सुरुवातीला जातो आणि पाटी येते, 'आज चूल बंद आहे.'"

मित्सुए आधी पांढरी पडली आणि मग चक्क हसली. "म्हणजे तो मालिका बघतो," ती म्हणाली. "शिव्या घालायला का होईना, बघतो!"

खोड मात्र लहानपणचीच. गप्प बसेल तर शपथ! मालिकेच्या पुढच्या भागात एका ओसाड ग्रहावर दगडी मूर्ती उभ्या करायच्या होत्या. तिनं त्यांत एक गोलमटोल चिचुंद्री बसवली, पाठ फिरवून, गाल फुगवून.

"माफी मागायची सोडून चिडवतेस काय त्याला?" सावाको म्हणाली.

"त्यानं आधी चिडवलं!"

"पन्नाशीला आलीस गं बये."

आणि इथंच सगळ्या जगाची गंमत झाली, मित्रांनो. ती मूर्ती चाहत्यांनी बरोबर हेरली. गेममध्ये मालिकेचं जहाज, मालिकेत गेमची चिचुंद्री! मासिकांत पानंच्या पानं आली. 'दोन कंपन्यांची अनोखी मैत्री' असा मथळा. खुद्द मालकांनाही वाटलं की आपल्याच कुणीतरी हा करार केला असेल. त्यांनी एकमेकांना साके दारूची पिंपं पाठवली. भावाबहिणीचं कडाक्याचं भांडण चाललंय हे तिघांनाच ठाऊक, आणि चौथा मी.

तामोत्सुनं दुसऱ्या गेममध्ये भंगारवाल्याचं दुकान टाकलं. तिथं चंदेरी जहाज टांगलेलं होतं, आणि दुकानदार म्हणायचा, "एकदा गेलेलं परत मिळत नाही." हे ऐकून मित्सुए दोन दिवस जेवली नाही. मग तिनं चिडवणं सोडलं. 'चंदेरी पहारा'तल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात तिनं खुंटीवर एक निळा एप्रन अडकवला, हुबेहूब कियोचा. त्याखाली एक रिकामी वाटी ठेवली. आणि दिग्दर्शकाच्या मागं लागून असं करून घेतलं की जहाजावरचा प्रत्येक माणूस तिथून जाताना कमरेतून वाकेल. भाग दाखवला गेला त्या रात्री ती टीव्हीसमोर ताठ बसली होती. "बघ रे," एवढंच म्हणाली.

उत्तराची वाट बघण्यात ती निवृत्त झाली. तिसरा गेम आला. सावाकोनं तो लगेच आणून खेळून काढला आणि ओशाळवाण्या तोंडानं सांगायला आली.

"तुझा वाकडा खळगा आहे त्यात. आता त्यात पडून कुणी मरत नाही."

"मग काय आहे त्यात?"

"काहीच नाही गं. रिकामा आहे. सगळ्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली."

"रिकामा," मित्सुए म्हणाली. "बरं. कळलं."

तिनं मला भिंतीवरून काढलं आणि कपाटावर उपडं घातलं. दोन वर्षं माझ्यावर धूळ साचली. धुळीचं मला काही नाही हो, पण ती सुस्कारेही टाकेनाशी झाली, त्याचं वाईट वाटलं.

शेवटी सावाकोचाच धीर सुटला. एका दुपारी ती गेमचं यंत्र काखोटीला मारून आली, टीव्हीला जोडलं आणि कपाटाकडं लक्ष जाताच मलाही खाली घेऊन फडक्यानं पुसलं. "दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस बघणार? स्वतः जाऊन ये त्या खळग्यात."

त्या जागेपर्यंत सावाकोनं खेळून दिलं आणि मग कंट्रोलर मित्सुएच्या हातात ठेवला. काय सांगू तुम्हाला! ज्या बाईनं हजारो जहाजं उडवली, तिला एक चिचुंद्री चार पावलं चालवता येईना. कधी भिंतीवर आपटायची, कधी उलटीच पळायची. "अरे गाढवा, इकडं! इकडं!" सावाको हसून हसून लोळत होती. मग ती पर्सिमनची फळं कापायला आत गेली. मित्सुए कशीबशी खळग्यात उतरली. खरंच रिकामा. तिनं सगळी बटणं दाबली, बडवली. काही नाही.

"एवढा राग!" ती पडद्याला म्हणाली. "ठेव तुझा खळगा तुझ्यापाशी." कंट्रोलर उशीवर भिरकावला आणि टीव्हीकडे पाठ करून, गाल फुगवून बसली. साठी उलटलेली बाई, आणि अगदी तेंगाचायाच्या टपरीत बसायची तशी.

बटण दाबलं नाही की तोन्गोरोही कंटाळून पाठ फिरवून बसतो. तोही बसला. दोघं पाठमोरे. बराच वेळ गेला. मी जाणता तवा आहे, मला तो वेळ ओळखू आला: एक घाणा निघायला लागतो ना, तेवढाच. मग खळग्याच्या काठावरून निळ्या एप्रनमधला एक हात आला. त्यानं तोन्गोरोच्या शेजारी चोचवाला गोळा ठेवला, आणि काही न बोलता हात निघून गेला.

मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो! नशीब, सावाको ताटली घेऊन बाहेर आली.

"मित्सुए," ती हळूच म्हणाली. "मागं बघ."

मित्सुएनं मागं पाहिलं. आणि ती रडली हो, लहान पोरासारखी हमसून हमसून रडली. मध्येच थांबून म्हणाली, "हा खायचा कसा? बटण कुठलं?" सावाकोनं दाखवलं. तोन्गोरोनं फुगऱ्या खाल्ला.

"दोन वर्षं तो वाढून बसलाय," मित्सुए म्हणाली, "आणि मी इथं पाठ फिरवून." तशीच उठली आणि फोन फिरवला. पलीकडून आवाज इतका मोठा आला की मला स्पष्ट ऐकू गेलं.

"हॅलो? कोण?"

"मी आहे. फोन ठेवू नकोस." ती म्हणाली, "खाल्ला रे."

त्यानं या वेळी फोन ठेवला नाही.

मग तामोत्सु म्हणाला, "गार झाला असेल ना, नेचान?"

"छे रे. जीभ भाजली."

पुढच्याच रविवारी तो टोकियोला आला. डोक्यावर केस उरले नव्हते, पण गाल तेच. येताना ओसाकाहून नवाकोरा तवा घेऊन आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "याला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." माझ्यावरचा रंग दोघांनी मिळून खरवडून पाहिला, पण तो बिडात मुरला होता. असल्या भांड्यात रांधणं बरं नव्हे, असं ठरलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. आता चुलीवर तो नवा शहाणा बसतो आणि मी भिंतीवरून त्याचे कच्चे गोळे बघतो. पण घरात आवाज आहेत. "एवढं आलं घालतात का?" "आईनं शिकवलंय मला!" "तुला कसलं शिकवतेय, तू तर रुसलेला असायचास!" मला ते पुरतं.

म्हणून मित्रांनो, एक म्हातारा तवा हात जोडून सांगतो. हात नाहीत, पण जोडले असं समजा. घरातली वस्तू जुनी झाली, आता कोण वापरतंय, असं म्हणून उचलू नका. आधी घरच्यांना विचारा. आणि कुणाच्या निरोपात काहीच नाही असं दुसऱ्यानं सांगितलं, तर एकदा आपण स्वतः जाऊन बघा आणि जरा वेळ थांबून बघा.

त्यानंतर 'चंदेरी पहारा'त चिचुंद्री दिसली नाही, आणि चौथ्या गेममध्ये जहाज आलं नाही. परवा सावाकोनं मासिकातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन कंपन्यांचं बिनसलेलं दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. चाहते फार हळहळले होते. कितीतरी जणांनी कळवलं होतं: कृपा करून पुन्हा पहिल्यासारखे व्हा.

मित्सुएच्या तोंडात गरम गोळा होता. तो तसाच गालात ढकलून ती म्हणाली, "पहिल्यासारखे? नको गं बाई!"