विहिरीपर्यंत न पोचलेली दुर्बीण

मित्रांनो, माझ्या डाव्या डोळ्यात बुरशी धरली आहे. उजवा अजून बरा आहे, पण त्याला डोळा लावायला कोणी येत नाही. नागपुरात सक्करदऱ्याच्या एका घरी, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, जुन्या रजईच्या मागे मी पडून असते. मी एक म्हातारी दुर्बीण आहे. बोलायची सवय नाही मला, पण एक गोष्ट मनात राहिली आहे. ती सांगून टाकते.

माझा जन्म कुठे झाला हे माझ्या अंगावर कोरलेलं होतं. हात लागून लागून ती अक्षरं पुसली गेली. पुढे मी लष्करात होते, एवढं आठवतं. कामठीच्या छावणीत एका साहेबाच्या टेबलावर माझी जागा होती. रोज सकाळी मऊ कापडाने माझी भिंगं पुसली जात आणि मग मला चामडी पेटीत ठेवलं जाई. नव्या दुर्बिणी आल्या, तेव्हा जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि मी इतवारीत धोंडबाच्या दुकानात आले. तिथे एका बंद घड्याळाच्या शेजारी खिळ्याला टांगून मी चार वर्षं काढली. येणारे-जाणारे मला उलटी धरून बघत आणि हसत. दूरचं सोडा, जवळचंही लांब दिसे त्यांना.

१९७४ च्या मार्चमध्ये वामनराव आले. त्यांनी मला सरळ धरलं, चाक फिरवलं आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली.

"ही द्या," ते म्हणाले. "मले समुद्रावर न्यायची आहे."

वामनराव प्राथमिक शाळेत मास्तर होते. तीस वर्षं त्यांनी चौथीला भूगोल शिकवला होता आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नागपुरापासून तो सगळ्याच बाजूंनी लांब. वर्तमानपत्रात एक जाहिरात आली होती. छोट्या बोटीतून कोकणाच्या किनाऱ्याने साहसी सहल, रोज एका नव्या बंदराला उतरायचं, आणि शेवटच्या दिवशी समुद्रातला किल्ला. तो किल्ला वामनरावांनी दर वर्षी फळ्यावर काढला होता. भोवती निळ्या खडूची लाट, आणि मधोमध एक लहानसा गोल. तो गोल म्हणजे गोड्या पाण्याची विहीर.

मित्रांनो, त्या विहिरीपायीच ही सगळी कहाणी घडली. फार वर्षांपूर्वी वर्गात चारुशीला नावाच्या मुलीने विचारलं होतं, "गुरुजी, खाऱ्या समुद्रात गोडं पाणी? तुम्ही पेलं का?" वामनरावांच्या हातात खडू होता, चाळीस पोरं बघत होती. "हो," ते म्हणाले, "पेलो ना. आपल्या विहिरीसारखंच लागते. थोडं गारच."

बस, एवढंच. पण दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मुलाने तेच विचारलं आणि मग तो गार घोट धड्याचाच भाग होऊन गेला. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आगगाडीत जिजाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हळू आवाजात सांगितलं. मी मधल्या पिशवीत होते.

"खोटं बोलले तुम्ही? पोरांशी?" जिजाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर चाललो. एक घोट घेतला की खरं होऊन जाईल."

"तीस वर्षांचं एका घोटात?"

"बघू ना वं."

त्या पिशवीत माझ्यासोबत शेव-चिवड्याचा डबा होता आणि त्याचं झाकण घट्ट नव्हतं. तेव्हापासून माझं चाक फिरवलं की कुरकुर वाजतं.

बोटीवर आम्ही वीस जण होतो, सगळे नागपूरचे. बोट लहान होती. पहिल्याच दुपारी निम्मी मंडळी आडवी झाली, त्यांत जिजाबाईही होत्या. सहलीचे व्यवस्थापक मनोहरराव होते. माणूस भला होता, पण त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. बंदरांची नावं मी सांगत नाही. त्या गावांचा काही दोष नव्हता.

पहिल्या बंदरात दीपस्तंभ दाखवणार होते. आमची बोट धक्क्याला लागू शकत नव्हती, म्हणून किनाऱ्यावरून होडी यायची होती. ती तीन तासांनी आली. टेकडी चढून आम्ही वर गेलो, तर दाराला कुलूप. राखणदार लग्नाला गेला होता. वामनरावांनी मला डोळ्याला लावून वरचा दिवा पाहिला. धुळीने भरलेला होता.

दुसऱ्या बंदरात 'कोळीवाड्यातून साहसी पदभ्रमण' असं छापील कागदावर लिहिलं होतं. ते भ्रमण म्हणजे सुकत घातलेल्या मासळीच्या रांगांमधून नाकाला पदर लावून चालणं होतं. बापूजी म्हणून आमच्याच मोहल्ल्यातले एक कापडवाले सोबत होते. ते म्हणाले, "मनोहरराव, साहस झालं गा आमचं. आता नाक परत मिळंल का?"

"बापूजी, उद्या डॉल्फिन दाखवतो."

"आज मेलेले मासे दाखवले, उद्या जिते बी नको दाखवू."

डॉल्फिन दिसले नाहीत. एक काळा ठिपका दिसला, त्यावर वीस जणांनी वाद घातला. वामनरावांनी मला डोळ्याला लावलं आणि सांगितलं की ते लाकूड आहे.  तिसऱ्या बंदराला आम्ही चाळीस मिनिटं उतरलो आणि त्यातली पंचवीस एका हॉटेलात चहाची वाट पाहण्यात गेली. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मीही थकले होते. मला दूरचं जवळ दाखवता येतं, जवळ नेता येत नाही, आणि त्या सहलीत सगळंच दूर राहत होतं.

वामनराव मात्र तक्रार करत नव्हते. ते रोज माझी भिंगं धोतराच्या सोग्याने पुसत आणि म्हणत, "किल्ला आहे ना अजून."

चौथ्या दिवशी सकाळी किल्ला दिसला. पाण्यातून वर आलेला, काळा, रुंद. साडेदहा वाजता बोट थांबली. मनोहरराव शिट्टी वाजवत आले. "चला, होडी आली आहे. आत्ताच उतरायचं. पाणी भरलेलं आहे, थेट पायऱ्यांना लागते होडी."

कोणी उठलं नाही.

मित्रांनो, नागपूरच्या माणसाचं एक आहे. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर तो घराबाहेर पाऊल टाकत नाही. टाकलंच तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. ही सवय हाडात मुरलेली असते. समुद्रावर वारा होता, ऊन तसं सौम्य होतं, पण कॅलेंडरवर एप्रिल होता ना.

"साडेदहाले? ऊन लागून मरायचं का?" एक बाई म्हणाल्या.

"चार वाजता जाऊ," बापूजी म्हणाले. "जेवू, पडू, मग जाऊ."

"चारला पाणी उतरेल," मनोहरराव म्हणाले. तीन दिवस त्यांनी सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. त्यांच्या आवाजात जोर उरला नव्हता. "बघा. हात वर करा. चारला कोण?"

हात वर होऊ लागले. वामनरावांनी मागे वळून पाहिलं. जिजाबाई बाकावर पडून होत्या, कपाळाला ओला रुमाल. वामनरावांनीही हात वर केला.

ज्या माणसाने तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली, चंद्र कसा ओढतो आणि पाणी दर सहा तासांनी कसं फिरतं हे पोरांकडून घोकून घेतलं, त्याला त्या क्षणी यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्याला नागपूरचं ऊन आठवलं आणि बायको आठवली. मी त्यांच्या गळ्यात होते. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

चार वाजता आम्ही वर आलो. किल्ल्याच्या भोवती पाणी खूप खाली गेलं होतं आणि जागोजाग दगड वर आले होते, काळे, शेवाळलेले. होडीवाल्याने लांबूनच हात हलवला. मनोहररावांनी त्याला हाका मारल्या. तो म्हणाला, आता होडी नेली तर बुड फुटेल. रात्री पाणी चढेल तेव्हा या. आमची बोट पाच वाजता परत निघणार होती.

 बापूजी म्हणाले, "चला, दुरून फोटो काढू," आणि लोक त्या बाजूला गेले.

वामनराव कठड्याशी उभे राहिले. त्यांनी मला डोळ्यांना लावलं. चाक फिरवलं, कुरकुरत फिरवलं. मी जीव तोडून दाखवलं. दरवाजा, पायऱ्या, तटावर वाळत घातलेलं एक लाल लुगडं. किल्ल्यात वस्ती होती. मग दरवाज्याच्या आत एक बाई दिसली. तिच्या डोक्यावर घागर होती, भरलेली. ती चालताना पाणी हिंदकळलं आणि तिच्या खांद्यावर सांडलं. इतकं स्पष्ट दाखवलं मी, की वामनरावांचा घसा हलला, जणू घोट घेतला.

मग ती आत वळली.

जिजाबाई त्यांच्यामागे येऊन उभ्या होत्या. "काहून हात वर केला तुम्ही?"

"तुझी तब्येत..."

"मले विचारलं होतं का? मी पडूनच राहिली असती. तुम्ही जायचं होतं. एवढे दूर आलो, तुमच्यासाठीच ना आलो?"

 वामनरावांनी मला पिशवीत ठेवलं. परतीच्या प्रवासात एकदाही बाहेर काढलं नाही.

नागपूरला आल्यावर पंधरा दिवसांत एक चिठ्ठी आली. चारुशीलाची होती. ती आता स्वतः मास्तरीण होती, हुडकेश्वरच्या शाळेत चौथीलाच शिकवत होती. गुरुजी समुद्रावर जाऊन आले हे तिला कळलं होतं. सुट्टी संपली की शाळेत या, असं तिने लिहिलं होतं. 'मुलांना विहिरीची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे.'

वामनराव ती चिठ्ठी चार दिवस उशाशी ठेवून होते. शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला गळ्यात घातलं आणि ते सायकलवर निघाले.

वर्गात पस्तीस-चाळीस मुलं होती. चारुशीला म्हणाली, "पोरांनो, हेच माझे गुरुजी. मी सांगत होती ना, समुद्रातल्या विहिरीचं पाणी पेलेले."

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "गुरुजी, कसं लागते ते?"

 वामनराव म्हणाले, "पोरी, मले माहीत नाही."

त्यांनी मला गळ्यातून काढून हातात धरलं.

"मी पेलोच नाही. तेव्हाही नाही आणि आता गेलो तेव्हाही नाही. तेव्हा मी किल्ला पाहिलाच नव्हता. आता पाहिला, पण दुरून. या दुर्बिणीतून. उन्हाच्या भीतीने उशीर केला आणि पाणी उतरून गेलं."

चारुशीलाच्या हातात खडूची डबी होती. ती उगाच खडू एका ओळीत लावत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, मी तर किती वर्षांपासून सांगून राहिली, की ते पाणी आपल्या विहिरीसारखं लागते म्हणून."

"लागत असंल बी. एका बाईच्या घागरीत पाहिलं मी ते. पण आपण दोघंही पेलो नाही, एवढं आजपासून सांगत जा."

मागून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, मग ही दुर्बीण बी खोटी आहे का?"

तेव्हा कुठे वामनराव हसले. "नाही गा. हे जेवढं दिसते तेवढंच सांगते." आणि त्यांनी मला त्या पोराच्या हातात दिलं. त्या दिवशी मला सगळ्या वर्गाने हाताळलं. शाळेसमोरची बाभूळ, तिच्यावरचा पक्षी, लांबच्या शेतातली बैलजोडी, सगळं मी दाखवलं. शाबासकी म्हणतात ती मला आयुष्यात तेवढीच मिळाली. जाताना वामनरावांच्या पायांना चारुशीलाने हात लावला, आणि ते तिच्याकडे न बघता सायकलकडे गेले.

१९८१ मध्ये वामनराव गेले. पुढे दोन वर्षांनी जिजाबाईही गेल्या. घरातल्यांनी मला वरच्या खणात ठेवलं. कोणी मुद्दाम ठेवलं नाही, ठेवताना कोणी विचारही केला नाही. जुन्या वस्तूंचं असंच होतं. दर पावसाळ्यात थोडी ओल धरते, थोडी दृष्टी जाते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटात कोणीतरी असं पडलेलं असेल. अधूनमधून काढा, उन्हात धरा, मऊ कापडाने पुसा. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला कुठे पोचायचं असेल, तर त्याला 'संध्याकाळी जाऊ' म्हणू नका. पाणी कधी उतरणार हे होडीवाल्याला आधी विचारा, आणि त्या म्हाताऱ्याला पहिल्या होडीत बसवा.

तुमच्यातलं कोणी त्या किल्ल्यात गेलं, तर विहिरीचं पाणी पिऊन बघा आणि परत आल्यावर आपल्या वर्गात सांगा. त्यात काहीच विशेष वाटलं नाही, तर तसंच सांगा.