वरून घातलेलं पाणी

"पानी," अक्काताई म्हणाली, आणि राजमतीबाईंनी तांब्या उचलला.

भर दुपार होती. निपाणीच्या मिशनच्या आवारात, अगदी कडेच्या खोलीत त्या दोघीच होत्या. अक्काताईचा नवरा भरमा कबर खणायला गेला होता. त्या आश्विनात मानमोडीच्या तापानं असा धुमाकूळ घातला होता, की चर्चची घंटा वाजवणं आणि झाडलोट करणं हे आपलं मूळ काम भरमा विसरूनच गेला होता. सकाळी कुदळ घेऊन जायचा तो दिवेलागणीला परतायचा. राजमतीबाई दवाखान्यातून उकळून गार केलेलं पाणी घेऊन आल्या होत्या. तांब्या त्यांचा स्वतःचा होता.

"जरा उठून बसतीस?" त्यांनी विचारलं.

अक्काताईनं नुसती मान हलवली. चार दिवसांच्या तापानं ती अंथरुणाला चिकटली होती. उशाशी तिची वाटी होती, ती राजमतीबाईंना दिसलीही. पण त्यांनी तांब्या तिच्या तोंडावर धरला, वीतभर वर, आणि तिथून धार सोडली.

अक्काताईनं काय करावं? पडल्या पडल्या तिनं दोन्ही हात उचलून ओंजळ करायला घेतली. हात तोंडापर्यंत आलेच नाहीत. गळ्यापाशी येऊन थरथरत राहिले. पाणी नाकात गेलं, तिला जबर ठसका लागला, डोळे पांढरे झाले. राजमतीबाईंनी तांब्या टाकून तिला छातीशी धरलं, पाठ चोळली, तोंड पदरानं पुसलं. ठसका थांबला. तिनं एकदा राजमतीबाईंकडे पाहिलं. अर्ध्या तासात ती गेली.

तिला आपल्या मांडीवरून खाली ठेवताना राजमतीबाईंच्या ध्यानात आलं, की आपण काय केलं.

चार दिवस त्या तिचं ओकणं काढत होत्या, तिची लुगडी धूत होत्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसत होत्या. त्यात त्यांना कधी काही वाटलं नाही. शिवाशिवीची त्यांना चीडच होती. पाणी देताना मात्र हात आपला आपण वर गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

राजमतीबाई बोरगावच्या, जैनाच्या घरच्या. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. पुढं दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात आल्या, तिथं वाचायला शिकल्या, आणि एक दिवस बाप्तिस्मा घेतला. बापानं जिवंतपणी त्यांच्या नावानं आंघोळ केली. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती. त्यांनी सोनं सोडलं, माहेर सोडलं, सासरची जमीन सोडली. दिवस मावळल्यावर जेवायची सवय तर त्यांनी मुद्दाम लावून घेतली. सुरुवातीला घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, पण त्या हट्टानं गिळायच्या. आपण सगळं सोडलं, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. असेना का, तेवढा तर सगळ्यांनाच असतो.

अक्काताई महारवाड्यातली. तिचा बाप्तिस्मा आईच्या कडेवरच झालेला, त्यामुळे सोडण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. मिशननं या दोघींची जोडी लावून दिली होती. आठवड्यातले चार दिवस त्या गावोगाव फिरायच्या. राजमतीबाई गोष्ट सांगायच्या, अक्काताई गाणं म्हणायची आणि औषधाची पेटी डोक्यावर घ्यायची. राजमतीबाईंची ठेवणीतली गोष्ट होती विहिरीवरची. प्रभू उन्हातून चालून दमले आणि ज्या बाईच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही, तिच्याकडेच त्यांनी पाणी मागितलं, ती. ही गोष्ट त्या इतकी रंगवून सांगायच्या, की ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग दोघी एखाद्या झाडाखाली भाकरी सोडायच्या. राजमतीबाई आपल्या तांब्यातलं पाणी आधी स्वतः प्यायच्या आणि मग वरून धार धरायच्या. अक्काताई ओंजळीनं प्यायची. अकरा वर्षं हे असंच चाललं, आणि अकरा वर्षांत त्यात वावगं काही आहे असं राजमतीबाईंच्या डोक्यात आलं नाही.

आता मात्र ते डोक्यातून जाईना. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे ते दोन हात यायचे. शब्द फुटायचा नाही. विश्वासात वाढायचं म्हणजे काय, यावर बायकांच्या सभेत त्यांनी कितीदा तरी बोलून दाखवलं होतं. समोर बसून माना डोलावणाऱ्यांत अक्काताई पहिली असायची. ते आठवलं की त्यांना स्वतःची किळस येई.

चौथ्या दिवशी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळक हरिभाऊ भला माणूस होता, पण त्या महिन्यात त्यांच्या घरातही दोघं अंथरुणाला खिळले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण पाणी पाजलंत ना तुम्ही?"

"पाजलं. पण वरनं."

"ताप छातीत उतरला होता, राजमतीबाई. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच आशा सोडली होती. तुमच्या पाण्यानं काही झालेलं नाही."

"त्ये मला ठाऊक आहे, साहेब. त्या पाण्यानं ती मेली असं मी म्हणतच न्हाई. मी असं कसं केलं, हे विचारते."

हरिभाऊंनी डोळे चोळले. "दमलात तुम्ही. या साथीत सगळ्यांचीच मनं हळवी झाली आहेत. चार दिवस विश्रांती घ्या. देव क्षमा करणारा आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

ते सांगायला नकोच होतं. त्यांनी स्वतःच गावोगाव शंभरदा सांगितलं होतं. देवाकडे क्षमा मागायची ती मागू, पण आधी जिचा अपराध केला तिच्याकडे मागायला हवी होती, आणि ती तर मातीखाली गेली होती. मग राहिला भरमा. त्याच्या तोंडून एकदा 'माफ केलं' एवढं ऐकलं, तर पुन्हा प्रार्थनेला तोंड उघडता येईल, असं त्यांना वाटू लागलं. दुसरा काही आधार उरलाच नव्हता.

भरमा चर्चच्या भिंतीला टेकून कुदळीचा दांडा ठोकून घट्ट करत होता. त्यांना पाहून उठून उभा राहिला.

"बस रं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःही पायरीवर बसल्या. "भरमा, अक्काताईला शेवटचं पाणी मी दिलं."

"व्हय की. तुमीच दिलंसा. लई उपकार झालं, बाई. मी तर जाग्यावर नव्हतो."

"वरनं दिलं मी. तांब्या तिच्या तोंडाला लावला न्हाई. ती ओंजळ करायला गेली, तिला जमलं न्हाई, ठसका लागला."

भरमाचा हात थांबला. आता तो काय बोलेल ते ऐकायची राजमतीबाईंनी तयारी केली.

"वरनंच देत्यात की," तो म्हणाला. "आमच्या तोंडाला तांब्या कोन लावतंय?"

त्यात टोमणा नव्हता. नाही तर राजमतीबाईंना कळला असता.

"अरं, पण आपण किरिस्ताव न्हवं? अकरा वर्षं एका झाडाखाली बसून जेवलो आम्ही!"

"त्ये खरं हाय." त्यानं मान खाली घातली. "पर तिला ठावं हुतं, बाई. ती म्हनायची, बाईंनी घरदार सोडलं, सोनं सोडलं, ह्ये येवढंच ऱ्हायलंय. ऱ्हाऊ दे. इचारलं तर जिवाला लावून घेत्याल. मी म्हनायचो, अगं फेरीला जाताना आपला गलास घेऊन जा. तर म्हनायची, नगं. गलास काडला की बाईस्नी त्यात वतावं लागंल, मग तुजा कुठला, माजा कुठला, ह्ये सगळं आलं. त्यापरीस ओंजळ बरी."

राजमतीबाईंना आता कळलं. म्हणजे ज्या बाईला आपण इतकी वर्षं शिकवत होतो, ती रोज दुपारी आपली लाज झाकत होती. आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"मला माफ करशील, भरमा?"

"कशापायी?" तो खरोखरच गोंधळला. "तुमी तिचं ओकनं काडलंसा. माज्या सख्ख्या भनीनं काडलं न्हाय, दारातनं परत गेली. आन तुमी माफी मागतासा? असलं बोलू नगा, बाई. मला कसंतरी हुतंय."

"एकदा म्हण नुसतं."

"न्हाय बाई. माज्या तोंडातनं ते यायचं न्हाय. तुमी देवमानूस हाईसा."

त्यानं शिवी दिली असती, कुदळ आपटली असती, तर राजमतीबाईंना बरं वाटलं असतं. तो हात जोडून उभा राहिला. त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. रडूही आलं नाही.

साथ ओसरायला दिवाळी उलटली. नाताळच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रभुभोजन ठेवलं. मनुका भिजवून, कुस्करून त्याचा रस काढायचा, तो एका चांदीच्या प्याल्यात भरायचा, आणि सगळ्या मंडळीनं त्याच एका प्याल्यातून एकेक घोट घ्यायचा, अशी रीत होती. चर्चमध्ये जमखाने अंथरलेले असत आणि पुढं एकच बाक होतं. त्या बाकावर राजमतीबाई, शाळेचे आण्णाप्पा मास्तर आणि त्यांची बायको बसायची. तसा नियम कुणी केला नव्हता. शिकलेली माणसं म्हणून बसायची, इतकंच. राजमतीबाई बाकाच्या कडेला असत, म्हणून प्याला त्यांच्यापासून निघायचा आणि मागं मागं जात भरमापाशी संपायचा. तिघंही वरच्या जातीच्या घरांतून आलेली होती, आणि तिघांच्या आधी त्या प्याल्याला कुणाचं तोंड कधीच लागलं नव्हतं. राजमतीबाईंनी याचा विचार आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात केला.

त्या रविवारी त्या बाकावर गेल्या नाहीत. सगळ्या बायकांच्या मागं, दारापाशी जमखाना संपतो तिथं फरशीवर बसल्या. त्यांनी ठरवलं होतं, सगळ्यांचं पिऊन होऊ दे. तळाला जे काही राहील, सगळ्यांचं उष्टं, ते आपण घ्यायचं. त्यानं अक्काताईला पाणी मिळणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण तेवढं तरी करता येईल म्हणून त्या कित्येक दिवसांनी अंघोळ करून, स्वच्छ पातळ नेसून बाहेर पडल्या होत्या.

"बाई, हितं का?" पुढच्या बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या. "पुढं जावा की."

"असू दे गं."

भाकर फिरली. मग हरिभाऊ प्याला घेऊन बाकापाशी आले आणि रिकाम्या जागेपुढं थांबले. मास्तरांनी हात पुढं केला नाही. चर्चमध्ये चुळबुळ झाली, माना वळल्या. एवढ्यात पुरुषांच्या बाजूनं भरमा उभा राहिला.

"आदी बाईस्नी द्या, साहेब," तो म्हणाला. "बाई मागं बसल्यात."

किती मायेनं म्हणाला तो! हरिभाऊ प्याला सांभाळत चालत आले. बायकांनी पदर आवरून, अंग चोरून मधून वाट करून दिली.

"मला शेवटी द्या," राजमतीबाई पुटपुटल्या. "पाया पडते, साहेब. सगळ्यांचं झाल्यावर द्या."

"राजमतीबाई, लोक थांबलेत," हरिभाऊ हलक्या आवाजात म्हणाले.

खरोखरच थांबले होते. सगळं चर्च वळून त्यांच्याकडे बघत होतं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. भरमा तर अजून उभाच होता. त्यानं मान हलवून त्यांना खूण केली, घ्या.

त्यांनी प्याला घेतला. तो काठोकाठ भरलेला होता, आणि त्याच्या कडेला अजून कुणाचे ओठ लागले नव्हते.