तारण ठेवलेली कवळी

"मर्द माणूस एकदा पाऊल टाकतो ते मागे घेत नाही. मग आभाळ कोसळो नाहीतर बाजार!"

भर दुपारी मी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं. तोंडात दात एकही नसल्यामुळे वाक्याबरोबर इतरही थोडंफार बाहेर पडलं. समोर बसलेल्या बायकोने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला.

दंतवैद्याने गेल्या महिन्यात माझा शेवटचा दात काढला होता. हिरड्या बऱ्या झाल्या की वरची आणि खालची अशा दोन कवळ्या बसवायच्या होत्या. त्याचे पैसे बाजूला काढले होते. नुसते पडून राहिलेले पैसे मला बघवत नाहीत, म्हणून मी ते शेअर दलालाकडे तारण ठेवले आणि एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले. कंपनी बाटल्यांची बुचं बनवते. जगात बाटल्या आहेत तोवर बुचं लागणारच, एवढा माझा अभ्यास पक्का होता.

तेवढ्यात दलालाच्या कारकुनाचा फोन आला. फोन टेबलावर होता आणि स्पीकर चालू होता. कारण मला दात नाहीत आणि बायकोला विश्वास नाही.

"काका, बाजार बंद व्हायला पाऊण तास आहे. बुचवाल्यांचा निकाल आज संध्याकाळी आहे. थोडं हलकं करा. तुमच्या पैशाच्या चौपट माल आहे, तीन हिस्से उसने."

बायकोचा हात वाटीवरच थांबला. "चौपट?"

"मी बंदोबस्त केलाय," मी ठणकावलं. "भाव दहा टक्के पडला की आपोआप विकायचं, अशी ऑर्डर लावून ठेवलीय!"

"काका, ती ऑर्डर बाजार उघडा असेल तर चालते. सकाळी भाव एकदम खालीच उघडला, तर दहा टक्क्यांवर घ्यायला कुत्रंसुद्धा येणार नाही."

"मी एकही शेअर विकणार नाही! लिहून घे!"

बायको तीस वर्षं लिफ्ट तपासनीस होती. अख्ख्या इमारतीला जिना चढायला लावून ती शांतपणे घरी येत असे. तिने विचारलं, "किती पडला तर दात जातील?"

"पंचवीस टक्के," मी म्हणालो. "पण कशाला पडेल?"

"दोर तुटेल का, हे आम्ही कधी विचारलं नाही. तुटला तर आत किती माणसं आहेत, ते मोजायचो. अहो, चौघांच्या लिफ्टमध्ये तुम्ही सोळा जण कोंबलेत."

"सोळाच्या सोळा जण वर जाणार आहेत!"

"तुमचं तोंड आहे, तुम्ही चालवा. खातं मात्र दोघांचं आहे." ती फोनकडे वळली. "बाळा, उसने तिन्ही हिस्से वीक. एक राहू दे. यांचा स्वाभिमान तेवढ्यात मावेल."

मी घर डोक्यावर घेतलं. कारकुनाने ऐकलं काकूंचं. पण छोट्या कंपनीची गंमत अशी, की घ्यायला रांग लागते आणि विकायला गेलं की चिटपाखरू नसतं. बाजार बंद होईपर्यंत जेमतेम निम्मा माल खपला, तोही घेतल्या भावाला. उरलेला निम्मा घरातच मुक्कामाला राहिला.

"बघ!" मी छाती काढून म्हणालो. "बाजारसुद्धा माझ्या बाजूने आहे."

संध्याकाळी निकाल लागला. नफा दुप्पट! मी बायकोला तो तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि शेवटची ओळ वाचली. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याने "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा दिला होता.

"बिचाऱ्याच्या घरी काही अडचण असेल," मी म्हणालो.

सकाळी भाव थेट पंचवीस टक्के खाली उघडला. माझी दहा टक्क्यांची ऑर्डर वरच्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभी राहिली.

"काका," कारकून म्हणाला, "उरलेलं विकलं तर तारणातले निम्मे पैसे हातात येतील. काल काकू बोलल्या नसत्या तर सगळेच गेले असते. काय करू?"

बायकोने फोन माझ्याकडे सरकवला.

"वीक!" मी गरजलो. आवाज असा लावला, की ऐकणाऱ्याला ही चढाईच वाटावी. "पण ध्यानात ठेव, मी मागे हटलेलो नाही!"

"नाही काका."

फोन बंद झाला. बायकोने विचारलं, "मग वरची बसवायची की खालची?"

"वरची!" मी ताठ मानेने सांगितलं. "बोलताना वरचेच दात दिसतात. माणसाने शेवटपर्यंत लढताना दिसलं पाहिजे. निम्म्या जबड्यानिशी लढेन, पण लढेन!"

"बरं."

"आणि तेवढं ते सफरचंद जरा किसून देतेस का?"